मृदू प्रवाळ कोमेजतो तेव्हा…

बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद हे शहर अरबी समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. तेथे घरातल्या मत्स्यालयात मृदू प्रवाळ सांभाळायचा तर समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. पणजी वा वास्को येथील हौशी मत्स्यपालकाला मात्र समुद्र उंबरठ्याशीच लाभलेला आहे. तरीही प्रवाळ जगवण्यात किनाऱ्यावरचा माणूस नेहमीच वरचढ ठरतो, असे नाही. प्रवाळाला समुद्राच्या जवळिकीपेक्षा पाण्याचे स्थैर्य अधिक गरजेचे असते.

प्रवाळ ही वनस्पती नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. मृदू प्रवाळाच्या प्रत्येक जीवाला आठ संस्पर्शके असतात. त्याला दगडी सांगाडा नसतो. मांसल देहात चुन्याच्या बारीक कणांचा आधार तेवढा असतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी बदलला की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

मिटलेला प्रत्येक प्रवाळ आजारी असतोच असे नाही. छत्रीच्या आकाराचा ‘लेदर कोरल’ अधूनमधून अंगावर मेणासारखा पापुद्रा आणतो, कित्येक दिवस मिटून राहतो आणि पापुद्रा टाकून पुन्हा फुलतो. अशा वेळी पाण्याचा मध्यम, आलटून-पालटून येणारा प्रवाह पुरेसा होतो. मात्र देह काळपट, बुळबुळीत होऊन त्याला दुर्गंधी येऊ लागली, तर ती सडण्याची खूण समजावी.

उपचारापूर्वी पाणी तपासावे. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास आणि कार्बोनेट काठिण्य ८ ते ११ अंश असावे. नायट्रेट फार वाढू देऊ नये. पण ते शून्यावर आणणेही हिताचे नाही, कारण मृदू प्रवाळाला थोडी पोषकद्रव्ये लागतात. आकडा चुकलेला आढळला तरी तो एका दिवसात सुधारू नये. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलत तो हळूहळू जागेवर आणावा. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे प्रवाळाच्या टाकीत कधीही घालू नयेत.

हुमनाबादसारख्या ठिकाणी कूपनलिकेचे पाणी थेट वापरणे धोक्याचे असते. आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळणे हाच मार्ग उरतो. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी थंड होऊ शकते. मात्र पाणी उडून गेले तरी मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या आरओ पाण्यानेच भरून काढावी. वीज खंडित होण्याच्या काळासाठी बॅटरीवरील हवेचा पंप हाताशी ठेवावा.

गोव्याचे गणित निराळे आहे. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे पंख्याचा उपयोग कमी आणि शीतकाची गरज अधिक. शिवाय पावसाळ्यात मांडवी व झुआरी नद्यांचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्याजवळ मिसळते. मिरामारवरून भरून आणलेल्या पाण्याची क्षारता ऋतूनुसार बदलते, आणि असे बदल प्रवाळाला मानवत नाहीत.

सडण सुरू झालीच, तर प्रवाळ वेगळ्या भांड्यातील टाकीच्याच पाण्यात घ्यावा आणि सडका भाग निरोगी ऊतीपर्यंत धारदार पात्याने कापून टाकावा. हातमोजे व चष्मा वापरावा. काही सागरी जीवांचे विष घातक असते. उरलेला तुकडा खडकाला सैल बांधून मंद प्रकाशात ठेवल्यास पुन्हा वाढू शकतो. मृदू प्रवाळ शेजाऱ्यांना हटवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात. म्हणून टाकीत सक्रिय कोळसा ठेवणे उपयुक्त ठरते.

विकत घेण्यापूर्वी कायदाही लक्षात घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना संरक्षण आहे. ग्रँड बेटाजवळ किंवा मालवणच्या समुद्रात दिसणारा प्रवाळ तोडून घरी आणणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. विक्रेत्याकडून जातीचे नाव, स्रोत आणि पावती मागून घ्यावी; उत्तर अस्पष्ट असेल तर खरेदी टाळावी.