गणित कार्यशाळा (बर्कली)

गणित कार्यशाळा हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला सहअध्ययनाचा उपक्रम होय. यूरी ट्राइसमन हे त्याचे प्रवर्तक होत. मोठ्या व्याख्यानवर्गातील विद्यार्थ्यांनी लहान गटांत बसून अवघड उदाहरणे सोडवावीत, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी

बर्कली येथे प्रथम वर्षाच्या कलनाच्या, म्हणजेच कॅल्क्युलसच्या, वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर मागे पडत. अपुरी पूर्वतयारी, अनास्था, गरिबी आणि घरच्या पाठबळाचा अभाव ही त्याची कारणे असावीत, असा प्राध्यापकांमध्ये समज होता. ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे दीर्घकाळ निरीक्षण केले, तेव्हा या कारणांनी अपयशाचा उलगडा होत नसल्याचे आढळले. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमाने, पण बहुधा एकेकटे अभ्यास करीत. उदाहरण अडले, तर उणीव आपली की उदाहरणच कठीण, हे कळण्यास त्यांना मार्ग नसे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवीत आणि नंतर एकत्र येऊन उत्तरे ताडून पाहत. जे कोणालाच सुटले नाही, ते मुळातच अवघड आहे, हे त्यांना उमगत असे.

स्वरूप

कार्यशाळा ही मागे पडलेल्यांसाठीची शिकवणी नव्हती. गुणवत्तेला आव्हान देणारा कार्यक्रम म्हणून तिची आखणी झाली. नियमित व्याख्यानांना जोडून विद्यार्थी दर आठवड्याला काही तास एकत्र बसत. त्यांना नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली जात. प्रत्येकाने आधी स्वतः विचार करावा, मग आपली रीत इतरांना पटवून द्यावी, अशी अपेक्षा असे. मार्गदर्शक आयते उत्तर न देता गटागटांतून फिरून प्रश्न विचारी.

परिणाम व प्रसार

कार्यशाळेत सहभागी झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी सहभागी न झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरली. ट्राइसमन यांनी या कार्यावर १९८५ साली डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. १९८८ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिसरात याच धर्तीवर 'इमर्जिंग स्कॉलर्स' कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली ट्राइसमन यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

मर्यादा

अशा उपक्रमात विद्यार्थी स्वेच्छेने येत असल्यास, यशाचा किती वाटा पद्धतीचा आणि किती त्यांच्या उत्साहाचा, हे वेगळे काढणे कठीण असते. शिवाय केवळ गट पाडल्याने सहअध्ययन घडत नाही. उदाहरण एकट्याला सहज सुटणारे असेल, तर चर्चेची गरजच उरत नाही. म्हणून उदाहरणांची निवड या पद्धतीत निर्णायक ठरते.