राखीव सेवेतील वैमानिक आणि आपली औषधयोजना

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाचे उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले आणि 9 जून 2025 पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. वैमानिक हा रुग्ण आजवर आपल्याकडे क्वचितच येई; यापुढे तसे म्हणता येणार नाही. सात रस्ता परिसरात चिकित्सा करणाऱ्या आम्हांस त्याचा भाऊबंद मात्र चांगला परिचित आहे. तो म्हणजे मालगाडीचा लोको पायलट. बोलावणे केव्हा येईल याचा नेम नाही, ही दोघांचीही व्यथा होय.

सहकारी आजारी पडल्यास वा विमानास विलंब झाल्यास अडचण येऊ नये, म्हणून विमान कंपन्या काही वैमानिक राखीव ठेवतात. तो घरीच असतो, परंतु दूरध्वनी उशाशी असतो. ही विश्रांती नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्रिजागरणाने रूक्षता व दिवास्वापाने स्निग्धता वाढते, हे वाचकांस सांगणे नलगे. असात्म्य जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी अन्नसेवनापूर्वी निद्रा घ्यावी, असे वाग्भटाचार्य सांगतात. पण हा उपाय जागरण घडून गेल्यावरचा आहे. राखीव वैमानिक रात्री बोलावणे येईल या धास्तीने दुपारीच झोपून घेतो. बोलावणे येत नाही आणि रात्रीची निद्राही येत नाही. त्यात विषमाशनाची भर पडते. परिणामी कफाची जडता आणि वाताची अस्वस्थता एकाच रुग्णात आढळते व नाडीपरीक्षेत नवखा वैद्य गोंधळतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024 च्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली, हे योग्यच झाले. तथापि प्रतीक्षेतील निद्रेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

येथे आपली जबाबदारी येते. निद्रानाशाची तक्रार ऐकताच आपला हात अश्वगंधारिष्ट वा सारस्वतारिष्टाकडे जातो. आसव-अरिष्टांत संधानातून स्वयंजनित मद्य उत्पन्न होते. बाटलीवर ते सामान्यतः 5 ते 10 टक्के असे छापलेले असते. वैमानिकास मद्यांश असलेले औषधच काय, मुखधावनही वर्ज्य आहे. उड्डाणापूर्वीच्या श्वासचाचणीत प्रथमच दोषी आढळल्यास परवाना तीन महिने निलंबित होतो. ‘रात्री घ्या, सकाळपर्यंत उतरेल’ हा सल्ला राखीव वैमानिकास देताच येत नाही, कारण त्याची सकाळ रात्री दोन वाजताही उगवते. लोको पायलटचीही कामावर रुजू होताना श्वासचाचणी होते.

भांगयुक्त योगांचा धोका याहून मोठा आहे. 31 जानेवारी 2022 पासून वैमानिकांची अमली पदार्थांसाठी यादृच्छिक चाचणी होते व तीत भांग-गांजा समाविष्ट आहे. जातीफलादि चूर्णात, तसेच सर्पगंधा घनवटीच्या काही पाठांत भांग असते. औषधी दुकानदार बंधूंनी असे योग देताना ग्राहकाचा व्यवसाय अवश्य विचारावा.

पर्याय आपल्यापाशी विपुल आहेत. पादाभ्यंग व शिरोऽभ्यंग, ब्राह्मी घृत, अश्वगंधा चूर्ण आणि अग्नी पाहून म्हशीचे दूध. पंढरपुरी म्हशीच्या जिल्ह्यात हे निद्राजनन द्रव्य शोधावे लागू नये! जेवण निश्चित वेळी, लघु व उष्ण असावे. चूर्ण असो वा घृत, औषधाची घटकद्रव्ये चिठ्ठीवर सुवाच्य लिहून द्यावीत. उड्डाणापूर्वी ती कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखविण्यास वैमानिकास सांगावे.