कृत्रिम बुद्धिमत्तेची तालीम : मुलांना कोणत्या शाखेत घालावे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेठेत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कॉम्प्युटरला घालायचे हे घरात ठरलेले असते. पण आता महाविद्यालये 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणजे 'ए. आय.' ही वेगळी शाखाही देतात. आयआयटी हैदराबादने २०१९ साली या विषयाची स्वतंत्र बी. टेक. सुरू केली, त्यानंतर हे नाव गावोगावी पोहोचले. लहान कारखानदाराला चार वर्षांची फी म्हणजे मोठा सौदा. ताका उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. हा सौदाही तसाच पारखावा.

विषय आपल्याला अगदीच परका नाही. कॉम्प्युटर ज्या रीतीने हिशेब करतो तिला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला इल्मची खिदमत करणाऱ्या मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. फ्रान्सच्या जॅकार्ड यांनी १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालविला, आणि तीच युक्ती पुढे इंग्लंडच्या बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे या विद्येचा एक धागा मागावरूनच गेला आहे.

आता पदवीत शिकवतात काय? साधारणपणे पहिल्या वर्षी गणित व प्रोग्रॅमिंग, दुसऱ्या वर्षी माहितीची मांडणी, तिसऱ्या वर्षी ए. आय. हा विषय आणि शेवटी प्रकल्प. ए. आय. मध्ये अनेक वाटांतून जवळची वाट शोधणे, तर्क, संभाव्यता आणि मशीनला उदाहरणांवरून शिकविणे हे भाग येतात. चांगल्या व डागी कापडाची हजारो छायाचित्रे दाखविली की मशीन तुटलेला धागा ओळखू लागते. मात्र ही सारी इमारत गणितावर उभी आहे. गणित कच्चे असेल तर शाखेचे नाव कितीही भारी असो, उपयोग नाही.

म्हणून माझे मत असे की, महाविद्यालय चांगले असेल तर साधी कॉम्प्युटर शाखाही पुरते, तिच्यात ए. आय. शिकता येते आणि दुसऱ्या कामांचे दारही उघडे राहते. वेगळी शाखा घ्यायची तर आधी अभ्यासक्रम मागून वाचावा, शिकविणारे कोण आहेत ते विचारावे. सहा महिन्यांत 'एक्स्पर्ट' करून देणाऱ्या क्लासेसच्या जाहिरातींना पदवीच्या जागी धरू नये.

उर्दू माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये. सीईटीत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे प्रश्न उर्दूतूनही घेता येतात. गणित मात्र इंग्रजीत असते. तेव्हा गणिताच्या इंग्रजी शब्दांची तयारी आठवीपासूनच सुरू करावी.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आपल्या अनेक कारागीर बिरादऱ्या मागासवर्गात मोडतात, आणि व्याजाचे कर्ज टाळणाऱ्या घराला ही सवलत मोठाच आधार आहे. पण दाखले वेळेवर नसले तर हक्क हातचा जातो. जातीचा, उत्पन्नाचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला निकालाची वाट न पाहता आजच काढावयास घ्यावा.