आप्त कोणास म्हणावें?

दिनांक 2 ऑगस्ट 2016 रोजीं सकाळीं मी नववीच्या वर्गांत शिरलों, तो हातांत वर्तमानपत्र घेऊनच. तास संस्कृतचा होता. पण त्या दिवशीं धातुरूपांची आठवण कोणास होणार? नरसिंग यादव निर्दोष ठरला, ही वार्ता आदल्या सायंकाळींच आमच्या देऊळघाटांत पसरली होती आणि पारावर, चहाच्या दुकानांत दुसरा विषय नव्हता. मीं बातमी मोठ्यानें वाचून दाखविली आणि सत्याचा जय कसा होतो यावर चांगलें पंधरा मिनिटें व्याख्यान झोडलें. तें संपतें न संपतें तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, सुशीलकुमारच्या बाबतींत असं निघालं असतं, तर आपण हेंच म्हटलं असतं का?”

मीं त्यास “खालीं बस” म्हणून सांगितलें. चाळीस मुलांसमक्ष, आणि कांहींशा कठोर स्वरांत.

ज्या वाचकांस हें प्रकरण आतां अंधुक झालें असेल, त्यांच्यासाठीं थोडें मागें जातों. नरसिंग मूळचा काशीकडच्या कुटुंबांतला. परंतु तो वाढला मुंबईस, त्यानें तालीम केली मुंबईस, आणि 2011 पासून लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरीची गदा त्यानें खांद्यावर घेतली. पुढें तो आपल्या पोलीसदलांत अधिकारी झाला. 2015 सालीं लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून त्यानें रिओ ऑलिंपिकमध्यें 74 किलो वजनगटाची जागा देशाला मिळवून दिली. याच वजनाचा दावेदार होता दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार. दोघांची कुस्ती लावून निवड करावी, ही त्याची मागणी दिल्लीच्या उच्च न्यायालयानें 6 जून 2016 रोजीं फेटाळली. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नाहींत तों, 25 जूनला घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन हें निषिद्ध द्रव्य सांपडलें. 5 जुलैच्या नमुन्यांतही तें होतेंच.

हें द्रव्य नवें नव्हे. 1958 च्या सुमारास सिबा कंपनीनें तें ‘डायनाबॉल’ या नांवानें अमेरिकेंत विक्रीस आणलें. पुरुषी संप्रेरकाची ही कृत्रिम भावंड. तिच्या योगें स्नायूंत प्रथिनें झपाट्यानें सांठतात, श्रमाचा शीण लवकर भरून निघतो, आणि मोबदल्यांत यकृतास झीज सोसावी लागते. गोळी तोंडानेंच घ्यावयाची असते. म्हणूनच “कोणी तरी पेयांत कालविली” हें म्हणणें ऐकणाऱ्यास सहज पटतें.

आणि आम्हांस तें पटलें. नरसिंगनें कटाची तक्रार पोलिसांत नोंदविली. कुस्तीगीर संघानें त्याची पाठ राखली. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या मंडळानें सुनावणी करून, 2 जूनपर्यंतचे त्याचे सारे नमुने निर्दोष होते हें ध्यानीं घेऊन, तो घातपातास बळी पडला असा निर्णय 1 ऑगस्टला दिला. आम्हीं पेढे वांटले. परंतु जागतिक संस्थेनें अपील केलें. त्याची कुस्ती 19 ऑगस्टला होती; आदल्या दिवशीं रिओमध्यें क्रीडा लवादासमोर कांहीं तास युक्तिवाद झाला. द्रव्याचें प्रमाण पाहतां तें पाण्यांत मिसळलेल्या भुकटीचें नसून एकदोन गोळ्यांचें दिसतें, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. लवादानें म्हटलें कीं घातपात शक्य आहे, पण संभाव्य नाहीं, आणि त्यास खऱ्या पुराव्याचा आधार तर मुळींच नाहीं. चार वर्षांची बंदी!

आपल्याकडे तेव्हां 19 तारीख उजाडली होती. त्याच संध्याकाळीं पी. व्ही. सिंधूचा अंतिम सामना होता. मीं वर्गांत सिंधूविषयीं बोललों. नरसिंगचें नांव काढलें नाहीं. मागच्या बाकाकडे पाहिलेंही नाहीं.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. पैकीं शब्द हा प्रमाण मानावयाचा तो आप्ताचा. आप्त म्हणजे ज्यानें वस्तु यथार्थ जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, असा पुरुष. मग तो परदेशींचा असो वा परधर्मीय असो. मराठींत मात्र हाच शब्द सोयरेधायऱ्यांना लागूं झाला. आप्तेष्ट म्हणजे लग्नकार्याला बोलवावयाचीं माणसें! भाषेच्या ओघांत अर्थ सरकतात, त्यास कोणाचा इलाज नाहीं. पण त्या ऑगस्टांत मी, न्यायाचीं चार पुस्तकें चाळलेला मनुष्य, दुसरा अर्थ पहिल्याच्या जागीं बसवून मोकळा झालों. प्रयोगशाळेनें काय सांगितलें याकडे पाहण्याऐवजीं सांगणारा आपला कीं परका, एवढेंच मीं पाहिलें. खोट्यावर पांघरूण घालावयास नेहमीं अधिकारीच लागतात असें नाहीं. तें विणण्याचें काम आम्ही प्रेक्षकही हौसेनें करतों.

हा दोष केवळ आपल्या मातीचा नव्हे. ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळ क्रोनुला नांवाचें उपनगर आहे. तेथील ‘शार्क्स’ हा संघ 1967 पासून रग्बी लीग, म्हणजे तेरा-तेरा गड्यांचा दांडगा चेंडूचा खेळ, खेळत असून त्यास अजिंक्यपद कधींच लाभलें नव्हतें. हा संघ जिंकण्याची वाट पाहणें म्हणजे हेरॉल्ड होल्टसाठीं ओसरीवर दिवा लावून ठेवणें, अशी एक कुचेष्टा तिकडे रूढ होती. होल्ट हे त्या देशाचे पंतप्रधान. 1967 सालींच समुद्रांत पोहावयास गेले ते परतले नाहींत. तर या संघांत 2011 च्या हंगामांत खेळाडूंस निषिद्ध पेप्टाइड दिलीं गेलीं, असा बोभाटा 2013 सालीं झाला. संघास मोठा दंड झाला, प्रशिक्षक शेन फ्लॅनगन यांस एक वर्ष दूर ठेवण्यांत आलें, आणि 2014 मध्यें कर्णधार पॉल गॅलन याच्यासह अनेक आजीमाजी खेळाडूंनीं बंदी पत्करली. ती मागील तारखेपासून धरली गेल्यानें प्रत्यक्षांत थोड्याच महिन्यांची उरली. आपणांस काय दिलें जात आहे हें ठाऊक नव्हतें, असें खेळाडूंचें म्हणणें. आणि 2 ऑक्टोबर 2016 रोजीं, म्हणजे नरसिंगच्या बंदीनंतर दीडच महिन्यानें, तोच कर्णधार व तेच प्रशिक्षक असतां क्रोनुलानें 14-12 असा अंतिम सामना जिंकला. आतां ओसरीवरचे दिवे मालवा, असें गॅलननें मैदानावरूनच सांगितलें. एकोणपन्नास वर्षें वाट पाहिलेल्या त्या माणसांचा आनंद मला खोटा म्हणवत नाहीं. मीही पेढे वांटले होते. पण पुढें 2018 अखेर उघड झालें कीं फ्लॅनगन यांनीं बंदीच्या काळांतही संघाशीं संपर्क ठेविला होता, आणि त्यांना पद सोडावें लागलें.

येथें पैनगंगेच्या खोऱ्यांत जुन्या तालमींची तांबडी माती कमी होत चालली आणि आरसे लावलेल्या व्यायामशाळा वाढल्या. पोरांच्या हातीं भुकटीचे डबे असतात. त्यांत काय आहे हें विकणारास ठाऊक नसतें, घेणारास नसतें, आणि बापास तर डब्याची किंमत तेवढी ठाऊक असते. जागतिक संस्थेच्या 2023 च्या आंकड्यांत भारताच्या सुमारें साडेपांच हजार नमुन्यांपैकीं दोनशेंहून अधिक दोषी निघाले, शेंकडा चाराच्या आसपास. एवढे नमुने तपासणाऱ्या मोठ्या देशांत हें प्रमाण सर्वांहून अधिक होय. हे काय सगळे कटाचे बळी?

तो मागच्या बाकावरचा मुलगा आतां पुण्यास नोकरीस असतो. गेल्या दिवाळींत तो नमस्कारास आला, तेव्हां मीं धीर करून तो प्रसंग काढला आणि “तूं बरोबर विचारलें होतेंस, मीं तुला बसविलें तें चुकलें” असें म्हटलें. तो गोंधळून हंसला. “मला तर कांहींच आठवत नाहीं, गुरुजी,” म्हणाला. मग चहा घेतां घेतां त्यानें विचारलें, “पण पुढं नरसिंगचं काय झालं?”

बंदी 2020 सालीं संपली, त्याच डिसेंबरांत तो बेलग्रेड येथें पुन्हा आखाड्यांत उतरला आणि पहिल्याच कुस्तींत हरला, इतकें मीं त्यास सांगितलें.