मल्केअरच्या काठाने डोंगरात

लिमरिकला येणारा पर्यटक शॅनन नदीच्या पुलावर उभा राहतो, तेराव्या शतकातला किंग जॉनचा किल्ला बघतो आणि पश्चिमेला समुद्रकड्यांकडे निघून जातो. गळ टाकणाऱ्यांच्या मनात मात्र या शहराची ओळख वेगळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे ओशॉनेसी घराण्याने पोलादाचे गळ घडवले. तळाशी हलकेच वळत येऊन टोकाजवळ एकदम कोनात वळणाऱ्या गळाला आजही 'लिमरिक बेंड' म्हणतात, आणि समुद्रातल्या मासेमारीचा एक दणकट गळ आजही 'ओशॉनेसी' याच नावाने विकला जातो. पंधरा किलोमीटरच्या आत असलेल्या कॅसलकॉनेल गावात एनराइट कुटुंब ग्रीनहार्ट लाकडाच्या लांबलचक काठ्या बनवत असे. दोन तुकडे तिरपे कापून, एकमेकांवर बसवून दोऱ्याने घट्ट बांधायचे, अशी त्यांची रीत. शॅननच्या रुंद, जोरकस पाण्यातल्या सॅमनसाठी तशाच काठीची गरज होती.

त्या मोठ्या नदीचं काय झालं हे समजून घेतलं, तरच तिला शहराच्या वरच्या अंगाला येऊन मिळणाऱ्या मल्केअर या लहान नदीचं मोल कळतं.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तीन वर्षांतच, १९२५ साली, शॅननवर आर्डनाक्रशा जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने ते केलं आणि २२ जुलै १९२९ रोजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. पार्टीनच्या बंधाऱ्यापाशी नदी अडवून तिचं बहुतेक पाणी साडेबारा किलोमीटरच्या कालव्याने वीजघराकडे वळवलं. नव्या, गरीब देशाला विजेची निकड होती आणि तो निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत कॅसलकॉनेलच्या पाण्याने मोजली. जुन्या पात्रात सेकंदाला जेमतेम दहा घनमीटर पाणी सोडायचं ठरलं. समुद्रातून परतणाऱ्या सॅमनला मोठ्या प्रवाहाची ओढ असते. त्यामुळे तो जुन्या पात्रात न शिरता वीजघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे जातो आणि तिथे भिंतीपाशी अडकतो. पुढे १९५९ मध्ये वीजघरात माशांना वर चढवणारी लिफ्ट बसवली, पार्टीनला मत्स्यबीज केंद्रही उभं राहिलं. तरी जे गेलं ते पुरतं परत आलं नाही.

आपल्याकडे खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवायला घेतली. म्हणजे धरण आधी आणि माशांची काळजी कित्येक दशकांनी, हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

मल्केअर या तडाख्यातून बऱ्याच अंशी वाचली. ती पार्टीनच्या बंधाऱ्याच्या खाली शॅननला मिळते आणि तिच्यावर मोठं धरण नाही. शहरापासून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांवर अ‍ॅनाकॉटी गाव लागतं. तिथला जुना दगडी बांध हा दिवसाचा पहिला मुक्काम. पावसानंतर नदीला पाणी चढलं, की उन्हाळ्यात या बांधावर सॅमन उडी घेताना दिसतो. समुद्रातून येणारा लँप्रे नावाचा जबडाहीन, सापासारखा लांब जीवही इथवर पोचतो. पोहण्यात तो कच्चा आहे, दगडाला तोंड चिकटवून विसावा घेत पुढे सरकतो. अशा जिवाला एवढासा बांधही मोठा डोंगर वाटत असणार. युरोपीय संघाच्या 'लाइफ' योजनेतून २०१४ पर्यंत 'मल्केअर लाइफ' हा प्रकल्प चालला. सॅमन, लँप्रे आणि पाणमांजर या तिघांसाठी नदीची डागडुजी हे त्याचं काम. खचलेले काठ बांधले, प्रवाहात मोठे दगड टाकून डोह आणि खळाळ तयार केले आणि काठावरचं परकं रान उपटलं.

या परक्या रानात एक ओळखीचा चेहरा आहे. श्रावणात सह्याद्रीचे कडे गुलाबी करणाऱ्या तेरड्याचा हिमालयातला भाऊ एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून ब्रिटिश बेटांवर आला आणि नदीकाठांवर मोकाट पसरला. शेंगेला हात लागताच ती फटकन फुटते आणि बिया पाण्यात पडतात, हे आपण लहानपणी तेरड्याशी खेळताना पाहिलेलंच असतं. इथे त्याच बिया प्रवाहाबरोबर खाली जाऊन मैलोन्मैल काठ व्यापतात. गवत गुदमरतं, हिवाळ्यात ही झाडं मरतात आणि उघडा पडलेला काठ पुरात ढासळतो. त्याचा गाळ नदीतल्या खडीवर बसतो. नेमक्या त्याच खडीत नोव्हेंबर ते जानेवारीत सॅमनची मादी शेपटीने खड्डा करून अंडी घालते. खडीतून वाहतं पाणी मिळालं तरच अंडी जगतात, गाळ बसला तर आतल्या आत मरतात. एका फुलझाडाचा आणि एका माशाचा असा थेट संबंध नदीकाठी उभं राहूनच नीट उमगतो.

अ‍ॅनाकॉटीहून रस्ता मरो गावाकडे चढू लागतो. समोर स्लीव्ह फेलिमची डोंगररांग दिसते, तिच्या मागे ६९४ मीटरचा कीपर हिल. आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही. पण उंचीवर जाऊ नका. अटलांटिकचा पाऊस वर्षभर या माथ्यांवर पडतो आणि इथलं दलदलीचं कुजकट गवत तो शोषून घेऊन सावकाश सोडत राहतं. आपल्या सह्याद्रीतले ओढे दिवाळीनंतर आटतात, इथले भर जूनमध्ये वाहतात. त्या गवताचा रंग पाण्यात उतरतो आणि ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, तरीही आरपार दिसणारं असतं.

ऑगस्ट १६९० मध्ये याच डोंगरांतून आयरिश सेनानी पॅट्रिक सार्सफील्डची घोडदौड झाली. इंग्लंडचा राजा विल्यम याच्या सैन्याने लिमरिकला वेढा घातला होता आणि शहराची तटबंदी फोडायला मोठ्या तोफांचा तांडा वाटेत होता. सार्सफील्डने रात्री काही शे घोडेस्वार घेतले, वर किलालूपाशी शॅनन ओलांडली आणि 'गॅलपिंग होगन' या डोंगरातल्या वाटाड्याच्या मागोमाग कीपर हिलच्या कुशीतून बॅलिनीटी गाठलं. तोफा आणि दारूगोळा त्याने उडवून दिला. त्या वर्षी वेढा उठला. याच्या वर्षभर आधी संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या तुळापूरच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले होते. मराठी माणसाला या वाटा परक्या वाटत नाहीत त्या यामुळे.

मरोजवळ ग्लेनस्टलचा किल्लेवजा वाडा आहे. १८३० च्या दशकात बॅरिंग्टन कुटुंबाने तो जुन्या नॉर्मन घाटणीत बांधायला घेतला. मे १९२१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धात, या घरातली विनिफ्रेड ही तरुण मुलगी एका पोलीस अधिकाऱ्याबरोबर गाडीतून जात असताना झालेल्या हल्ल्यात मारली गेली. कुटुंबाने पुढे आयर्लंड सोडलं. १९२७ पासून तिथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ आहे, आणि आवारातलं रान शांतपणे चालायला मोकळं असतं.

तिथून जवळच क्लेअर ग्लेन्स. लिमरिक आणि टिपरेरी या दोन काउंटींच्या सीमेवरून क्लेअर नदी लाल वालुकाश्म कापत धबधब्यांच्या पायऱ्यांनी उतरते. दोन्ही काठांनी पायवाट आहे, ओक आणि बीचची दाट सावली आहे, आणि दगडांवर शेवाळ इतकं जाड की पाऊल जपून टाकावं लागतं. हे रानही एके काळी बॅरिंग्टनांचंच होतं. दिवसातले दोन तास इथे द्यावेत. पाण्यातल्या दगडावर शेपटी हलवत एक पिवळ्या पोटाचा पक्षी दिसेल. तो करडा धोबी. हिवाळ्यात आपल्या घाटांतल्या ओढ्यांवर येतो, त्याच जातीचा. वरच्या उघड्या माळावर नशीब असेल तर हेन हॅरियर तरंगताना दिसतो, आपल्या माळरानावरच्या भोवत्यांचा भाऊबंद. स्लीव्ह फेलिमपासून सिल्व्हरमाइन्सपर्यंतचा पट्टा त्याच्यासाठीच संरक्षित केला आहे.

आता गरवण्याबद्दल. डोंगरातल्या या ओढ्यांतला मासा म्हणजे ब्राऊन ट्राउट. पाठ तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके. वीतभर लांबीचा मिळाला तरी चांगला समजावा. पाणी आम्लधर्मी, त्यात कीटक थोडे, म्हणून मासा लहानच राहतो. वर लावलेली सिट्का स्प्रूसची दाट झाडी ओढ्यावर अंधार करते आणि पाणी आणखी आम्ल करते. याच काउंटीत, अडेर गावातून वाहणारी मेग नदी चुनखडीच्या सपाट मुलखातून येते, तिथला ट्राउट चांगला भरदार होतो. पण मेगच्या काठी माणूस उभा राहून वाट बघतो आणि ओढ्यात त्याला चालावं लागतं, वाकावं लागतं, लपावं लागतं. मला ओढाच जास्त आवडतो.

ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, वरून काय वाहत येतंय त्यावर नजर ठेवून. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. आपली सावली डोहावर पडू द्यायची नाही. काठी आखूड आणि हलकी. दोऱ्याच्या टोकाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. ती डोहाच्या माथ्याशी टाकायची आणि पाण्याच्या वेगानेच खाली येऊ द्यायची. जरा जरी आडवी ओढली गेली तरी मासा ओळखतो. कोकणात गरी टाकून खाजणात बसणाऱ्याला यातला संयम शिकवावा लागत नाही, फक्त आमिष बदललेलं असतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी रान हिंडून संध्याकाळी पाण्यावर उतरता येतं. माशा त्याच वेळी पाण्यावर येतात आणि मासेही.

कायदा सोपा आहे, पण तो पाळायला हवा. ब्राऊन ट्राउटसाठी सरकारी परवाना लागत नाही, मात्र काठाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या मालकाची किंवा क्लबची परवानगी लागते. सॅमन आणि समुद्री ट्राउटसाठी सरकारी परवाना सक्तीचा आहे. कोणत्या नदीत सॅमन ठेवता येईल, कुठे तो सोडूनच द्यावा लागेल आणि कुठे मासेमारी पूर्ण बंद, हे दरवर्षी मोजदाद करून ठरतं. ठेवलेल्या प्रत्येक सॅमनला खूणचिठ्ठी लावून वहीत नोंद करावी लागते. समुद्रातली वाहत्या जाळ्यांची मासेमारी २००७ पासून बंद आहे. इतकं करूनही सॅमन घटतोच आहे. १९७५ च्या सुमारास वर्षाला सतरा लाखांहून अधिक सॅमन आयर्लंडच्या किनाऱ्याकडे परतत, २०२२ मध्ये ही संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास उरली होती. समुद्राचं वाढतं तापमान आपल्या एकट्यादुकट्याच्या हातात नाही. नदीतली खडी स्वच्छ राहणं मात्र काठावरच्या माणसांच्या हातात आहे, आणि मल्केअरच्या लोकांनी ते मनावर घेतलं याचा मला मनापासून आदर वाटतो.

लिमरिकमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी, आणि त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी, एक दिवस या नदीसाठी राखून ठेवावा. बससेवा विरळ आहे, गाडी लागेलच. पावसाचं जाकीट आणि घट्ट पकड असलेले बूट घ्यावेत, गवतातून आल्यावर पायांवर गोचीड बघावी. निघण्याआधी 'इनलँड फिशरीज आयर्लंड' या सरकारी संस्थेचे त्या वर्षीचे नियम वाचावेत. उलटं नख काढलेला एकच गळ वापरावा, मासा ओल्या हाताने धरावा आणि शक्यतो सोडून द्यावा. दुसऱ्या नदीवर वापरलेले बूट आणि जाळी मल्केअरमध्ये बुडवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवून घ्यावीत. काठावर गुलाबी तेरडा दिसला तर कौतुकाने त्याची शेंग फोडू नये.