वाळवंटातील गुंजनपक्षी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिली देशाच्या उत्तर टोकास, अटाकामा नावाचे वाळवंट पसरले आहे. जगातील अत्यंत शुष्क प्रदेशांत त्याची गणना होते. तेथील अरिका या शहरी वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. १९०३ ते १९१८ या अवधीत तर सलग चौदा वर्षे तेथे पावसाचा थेंबही पडला नव्हता! अशा ओसाड भूमीत फुलांतील मकरंदावर जगणारा एक चिमुकला पक्षी राहतो, असे कोणी सांगितले तर तुम्हांला ते खरे वाटेल काय?

पण ते अगदी खरे आहे. पूर्वेकडील अँडीज पर्वतावरचे पाणी लहान लहान नद्यांच्या रूपाने वाळवंट चिरीत समुद्राकडे येते. या नद्यांच्या काठी अझापा, चाका, कामारोनेस अशी हिरवी खोरी निर्माण झाली आहेत. तेथे चान्यार नावाचा काटेरी वृक्ष वाढतो व वसंतात पिवळ्या फुलांनी बहरून जातो. हेच अरिकाच्या गुंजनपक्ष्याचे घर.

हा पक्षी जेमतेम आठ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे वजन आपल्या एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी! नराची पाठ हिरवट असून गळा जांभळट तांबड्या तेजाने झळकतो. मादी मात्र साधी दिसते.

आपल्याकडे जास्वंदीपाशी भिरभिरणारा शिंजीर पाहून पुष्कळांना तो गुंजनपक्षीच वाटतो. परंतु या दोघांचे कूळ वेगळे. गुंजनपक्षी केवळ अमेरिकेतच आढळतात. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो. गुंजनपक्षी हवेत एका जागी स्थिर राहून पितो. इतर पक्ष्यांना मुख्यतः पंख खाली मारतानाच आधार मिळतो. गुंजनपक्ष्याचे पंख मात्र खांद्यातून वळतात, त्यामुळे त्याला दोन्ही वेळा आधार मिळतो. ते इतक्या वेगाने हलतात की, त्यांचा गुंजारव ऐकू येतो. या श्रमांसाठी त्याला दिवसभर फुलांमागून फुले धुंडाळावी लागतात. जोडीला बारीक कीटकही तो खातो. साहजिकच फुले नाहीशी झाली, की त्याचे जगणेच खुंटते.

दुर्दैवाने तसेच घडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पक्षी अरिकाच्या परिसरात सर्रास दिसे. पुढे खोऱ्यांतील रानझाडे तोडून तेथे शेते व फळबागा उभ्या राहिल्या, पिकांवर कीटकनाशके फवारली जाऊ लागली. १९७० नंतर पेरूकडून आलेला दुसरा एक गुंजनपक्षी तेथे पसरला व त्याच फुलांचा वाटेकरी झाला. आज अरिकाचे गुंजनपक्षी काही शेकडाच उरले आहेत.

चिली सरकारने २००६ साली या पक्ष्याला 'नैसर्गिक स्मारक' म्हणून घोषित केले व त्याला कायद्याचे संरक्षण दिले. पण केवळ कायद्याने फुले उमलत नाहीत. माणसाला शेती हवी, तशीच या पक्ष्याला चान्यारची फुले हवीत. वाळवंटातील त्या अरुंद हिरव्या पट्ट्यांत दोघांनाही जागा मिळाली, तरच हा इवलासा जीव जगेल. दोन रोपे शेताची लावताना एक रोप रानाचे लावणे, हे काम तेथील शेतकऱ्यांच्याच हाती आहे.