ऑपरेशन थिएटरमधला ‘डाय चेंज’

मागच्या सुट्टीत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. वेळ दिलेली सकाळी आठची. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, त्यात बाबांना शुगर! साडेअकरा वाजले तरी स्ट्रेचर जागेवरच. सिस्टर म्हणाल्या, “आधीची केस लांबली.” खरं काय ते वॉर्डबॉयनं सांगितलं. पहिली केसच मुळी साडेनऊला सुरू झाली होती. सर्जन उशिरा आले, आणि आले तेव्हा पेशंटची संमतीपत्रावर सही राहिलेली!

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. पडल्या पडल्या म्हणाले, “पहिली गाडी डेपोतून लेट सुटली की दिवसभर बोंब.”

मित्रहो, तेव्हाच मला प्रॉडक्शनचा पेपर आठवला (मार्क विचारू नका). जपानचे शिगेओ शिंगो यांनी प्रेसची डाय बदलण्याच्या कामाचे दोन भाग पाडले : मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं. १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं चार तासांचं काम त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं.

थिएटरमधलं टेबल म्हणजे आपली प्रेस. ते पुसणं, निर्जंतुक करणं हे रिकामं झाल्यावरच होणार, त्यात काटछाट नको. पण पुढच्या पेशंटला वॉर्डातून आणणं, फाइल, रिपोर्ट, सही, ट्रे तपासणं? ही कामं आधीची केस चालू असतानाच व्हायला हवीत. आमच्याकडे टेबल रिकामं झालं की मग फाइलची शोधाशोध!

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलं. तिथे एका सर्जनला दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढेपर्यंत दुसऱ्यावरचा पेशंट तयार. मायक्रोस्कोप फिरवला की पुढची केस. अर्थात मोतीबिंदूच्या केसेस छोट्या आणि एकसारख्या असतात, हर्नियाला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही.

आणि घाई म्हणजे कार्यक्षमता नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची चेकलिस्ट तर तीनदा थांबायला लावते : भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं (अभ्यास २००९ चा). तो थांबलेला वेळ वाया गेला असं कोण म्हणेल? वाया जातो तो सहीच्या शोधात.

टाके काढायला गेलो तेव्हा हा सगळा हिशोब कागदावर मांडून सिस्टरांना दाखवला. वाचून हसल्या. “सह्या आदल्या संध्याकाळी घेऊ रे आम्ही. पण डॉक्टरांना वेळेवर यायला कोण सांगणार? तू सांगतोस?”

मी गप्प.